मंजनिकाचे दोर



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही 'लहान मुलांचे मंजनीक' असे उत्तर दिले. चालकांना वाटले, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. हमालांच्या संघटनेत उभी हयात गेलेल्या माणसाने मजुरीचे दर, तोलाई, फंड ह्यांवर बोलावे, अशी साहजिकच त्यांची अपेक्षा होती. पण आमचा विषय त्याबाहेरचा नाही, हे पुढे आपल्या ध्यानात येईल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे वाचनालयात आणि मालाच्या थप्प्यांवर बसून झाले. तेव्हा पंडितांच्या दृष्टीने जे उणे राहील ते त्यांनी सांभाळून घ्यावे.

मंजनीक म्हणजे दगड फेकण्याचे लाकडी यंत्र. तोफा येण्यापूर्वी किल्ल्यांचे तट फोडण्यासाठी ते वापरीत. फारसी तवारिखांत त्याला मंजनीक म्हणतात. त्याच्या एका जातीला मगरिबी, म्हणजे पश्चिमेकडची, असे नाव आहे आणि लहान यंत्राला अर्रादा. राजस्थान-गुजरातेकडच्या जुन्या काव्यांत ढेंकुली हा शब्द येतो. विहिरीतून पाणी उपसण्याच्या लांब दांडीलाही उत्तरेत हेच नाव आहे. ज्याने युद्धातल्या यंत्राला हे नाव दिले त्याने आधी शेताला पाणी पाजलेले असले पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यात लातूरच्या मोंढ्यात आम्ही असे एक यंत्र मुलांकडून करवून घेतले. आमच्या संघटनेच्या खोलीत हमालांची मुले सुट्टीत दुपारची येऊन बसतात. खोलीला पंखा आहे, हे त्याचे खरे कारण. त्यांतल्या एकाने इतिहासाच्या एका पुस्तकातले मंजनिकाचे चित्र पाहिले आणि विचारले, "काका, ही गाडी उलाळ का झाली?" त्या प्रश्नावर आम्ही हसलो, आणि मग थांबलो. कारण पोराने यंत्राचे मर्मच सांगून टाकले होते.

बैलगाडीत मागच्या अंगाला ओझे फार झाले की जू वर उचलले जाते आणि गाडी मागे कलते. ह्याला आपण गाडी उलाळ झाली असे म्हणतो. पुढे ओझे जास्त झाले तर ती धुरजड होते. गाडी भरणारा हमाल हे तोलणे डोळ्यांनीच करतो. मंजनिकात हीच उलाळ मुद्दाम घडवून आणलेली असते. एक लांब दांडी आडव्या आसावर अशी बसवायची की तिचा एक भाग आखूड राहील व दुसरा त्याच्या चौपट लांब. आखूड टोक झटक्याने खाली गेले की लांब टोक चौपट वेगाने वर उसळते. त्या लांब टोकाला गोफण बांधायची. बस्स, यंत्र झाले.

गोफण हा शब्द नांदेड-लातूरच्या श्रोत्यांस समजावून सांगावा लागू नये. पण पुढे बसलेल्या मुलांसाठी सांगतो. जोंधळा हुरड्यात आला की शेतात चार बल्ल्या रोवून माळा बांधीत, आणि त्यावर उभे राहून राखणदार पाखरे हाकलीत. राखणदार बहुधा घरातली बाई किंवा पोरगे. अंबाडीच्या वाखाच्या दोन दोऱ्या, मध्ये खडा ठेवण्यापुरती विणलेली जाळी. एका दोरीचा फास बोटात अडकवायचा, दुसरीचे मोकळे टोक मुठीत धरायचे, डोक्याभोवती गरगर फिरवायचे आणि नेमक्या क्षणी मोकळे टोक सोडायचे. सारी कला त्या सोडण्यात आहे. मंजनिकाच्या टोकाला जी गोफण असते तिचीही एक दोरी दांडीला पक्की बांधलेली असते, आणि दुसरीचा फास नुसता एका खिळ्यात अडकविलेला असतो. दांडी वर उसळली की फास आपोआप खिळ्यावरून निसटतो. माणसाच्या हाताऐवजी लाकडाचा हात, आणि बोटांऐवजी खिळा.

ओघात एक गैरसमज दूर करू. पोरे चिंचा पाडायला जी बेचकी वापरतात तीच जुनी आणि मंजनीक तिचे मोठे रूप, असे पुष्कळांस वाटते. तसे नाही. बेचकीला ताणणारे रबर लागते, आणि उन्हातान्हात टिकणारे रबर करण्याची रीत अमेरिकेत गुडइयर ह्याला 1839 साली सापडली. म्हणजे बेचकीचे वय दोनशे वर्षांच्या आत आले. गोफण हजारो वर्षांची आहे. ग्रीकांनी पिळलेल्या स्नायूंच्या व केसांच्या दोरांनी दगड फेकणारी यंत्रे केली होती, पण तो वेगळा वंश. आपल्या मंजनिकाचा वंश चीनमधून निघतो आणि इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या अखेरीस भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचलेला दिसतो. आपल्याकडच्या जैन ग्रंथांत मगधाच्या अजातशत्रूच्या महाशिलाकंटक नावाच्या यंत्राचा उल्लेख आहे. अभिमान वाटावा असे नाव आहे, पण त्यावरून यंत्राची रचना काढणे धाडसाचे होईल.

आता मोंढ्यातल्या यंत्राकडे वळू. आंब्याच्या पेट्यांच्या फळ्यांचा सांगाडा, जुनी लोखंडी सळई हा आस, अडीच हात लांब भरीव बांबू ही दांडी, ताडपत्रीच्या तुकड्याची गोफण, सुतळी आणि एक खिळा. फेकायला लिंबे घेतली, तीही वाळून दगड झालेली. पहिले लिंबू पुढे न जाता मागे आले आणि आमच्या हिशेबाच्या वहीवर आपटले. तेव्हापासून नियम केला की यंत्राच्या मागे आणि पुढे कोणीही उभे राहायचे नाही, बाजूला राहायचे. दुसरे लिंबू सरळ आभाळात गेले. तिसरे पुढ्यातल्या मातीत रुतले. दोन दिवस खिळ्याशी झटापट केल्यावर मुलांना उमगले की दोष त्याच्या वाकण्यात आहे. खिळा फार सरळ असला तर फास लवकर सुटतो आणि लिंबू उंच जाते. फार वाकविला तर उशिरा सुटते आणि खाली आपटते. हा शोध आठ वर्षांच्या एका मुलीने लावला. मोठी मुले दांडी बदलण्याच्या वादात गुंतली होती.

दांडीचे आखूड टोक खाली ओढायचे कसे? ह्याला दोन उत्तरे आहेत, आणि ह्या दोन उत्तरांतच आमचे आजचे व्याख्यान आहे.

पहिले आणि जुने उत्तर दोरांचे. आखूड टोकाला पुष्कळ दोर बांधायचे, एकेका दोरावर माणसे लावायची आणि सर्वांनी एकाच क्षणी ओढायचे. आम्ही चार सुतळ्या बांधल्या व चार मुले लावली. एकाने आधी ओढले, दुसऱ्याने मागून. दांडी आडवी पिळवटली आणि लिंबू जागच्या जागी गळून पडले. दहा वेळा ओढले, दहा वेळा हेच. मुले एकमेकांवर चिडली. तेवढ्यात तुरीची पोती उतरवून घाम पुसत एक जुना हमाल दारात टेकला होता. तो उठला आणि पोते उचलताना देतात तशी लांबण लावून त्याने हाळी दिली. तिचा शेवट कुठे आहे हे त्या मुलांना जन्मापासून ठाऊक होते. चारही सुतळ्या एकदम ओढल्या गेल्या, आणि लिंबू समोरच्या आडतीच्या पत्र्यावर जाऊन धाडकन वाजले. आडतदार बाहेर आले. त्यांची समजूत घालण्यात आमचा पाऊण तास गेला, परंतु त्या पाऊण तासात आम्हांस जे सुचले ते वीस वर्षे तवारिखा वाचून सुचले नव्हते.

इसवी सन 712 च्या सुमारास महंमद बिन कासिमने सिंधमधल्या देबल बंदराला वेढा घातला. त्याच्याजवळ एक मंजनीक होते. नवव्या शतकातला अरब इतिहासकार बलाजुरी सांगतो की त्या यंत्राचे नाव 'अरूस', म्हणजे नवरी, असे होते आणि ते चालवायला पाचशे माणसे लागत. देवळावरचा उंच ध्वज ह्या यंत्राने पाडला. शाळेच्या पुस्तकांतून आपण ही हकीकत वाचतो ती ध्वजाकडे पाहात. यंत्राला नाव आहे. सेनापतीला नाव आहे. पाचशे माणसे मात्र एका आकड्यात बसली आहेत. आता चार पोरांनी चार सुतळ्या ओढताना काय झाले ते आठवा, आणि पाचशे माणसांकडून तेच एका श्वासात करवून घ्यायचे म्हणजे काय, ह्याची कल्पना करा. त्यांच्यात हाळी देणारा कोणीतरी असलाच पाहिजे. त्याचा आवाज चुकला असता तर नवरी जागची हलली नसती.

चिनी लोक ह्या बाबतीत अधिक हिशेबी होते असे म्हणावे लागते. 1044 साली तिकडे सरकारी युद्धग्रंथ तयार झाला. त्यात प्रत्येक यंत्रापुढे ओढणाऱ्यांची संख्या दिलेली आहे. लहानाला चाळीसेक माणसे, आणि सात दांड्या एकत्र बांधलेल्या सर्वांत मोठ्याला 250. आमच्या संघटनेच्या भाषेत ही टोळीची संख्या झाली. कोणत्या कामाला किती माणसे हे कागदावर लिहून घेण्यासाठी आमची निम्मी हयात गेली. कारण लिहिलेले नसले म्हणजे आठजणांचे काम पाचांवर येते.

आता देवगिरी. आपला हा सगळा मुलूख, नांदेड काय नि लातूर काय, तेव्हा यादवांच्या राज्यात होता. 1296 साली अलाउद्दीन खिलजी कड्याहून निघून अचानक देवगिरीवर आला. रामदेवरायाने घाईने किल्ल्याचा आश्रय केला. ह्यापुढची गोष्ट फिरिश्त्याने दिली आहे आणि ती आपणांस पाठ आहे: कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती पायथ्याला पडली होती, ती धान्याची समजून किल्ल्यात नेली, आणि वेढा पडल्यावर उघडून पाहतात तो आत मीठ. अन्न नाही, म्हणून शरण जाणे आले.

ही गोष्ट आम्ही एकदा मोंढ्यात जेवणाच्या सुट्टीत सांगितली. सारे हसू लागले. आम्हांस वाटले, राजाच्या फजितीला हसतात. तसे नव्हते. एकजण म्हणाला, "पाठीवर घेतल्यावर कळंना व्हय, मीठ हाय का जवारी?" आणि खरेच आहे. त्याच मापाच्या पोत्यात मीठ भरले तर ते जोंधळ्याच्या दीडपट जड होते. त्याचा खडा पाठीला वेगळा लागतो, घामाने पोते ओलसर होऊन झोंबते. ती पोती डोंगर चढवून किल्ल्यात नेणारी माणसे होती. फिरिश्त्याची गोष्ट खरी धरली तर किल्ल्यात काय चालले आहे हे त्यांना पहिल्या पायरीवरच कळले असले पाहिजे. त्यांना कोणी विचारले नाही, किंवा त्यांनी सांगितले ते कोणी ऐकले नाही. फिरिश्ता हा तीनशे वर्षांनंतरचा लेखक, तेव्हा त्याची पोती कितपत खरी हा वाद विद्वानांनी करावा. आम्ही पोत्यापुरतेच बोलतो.

देवगिरीच्या लुटीचे पुढे काय झाले ते जियाउद्दीन बरनीने लिहून ठेवले आहे, आणि आमच्या विषयाची खरी मेख तिथे आहे. अलाउद्दीनने कड्याला परतून चुलत्याचा खून करविला आणि तख्तासाठी दिल्लीकडे कूच केले. त्याने बरोबर एक लहान, सहज नेता येण्याजोगे मंजनीक घेतले होते. मुक्कामावर तंबू ठोकला की तंबूसमोर हे यंत्र उभे करीत, त्यात पाच मण सोन्याच्या चांदण्या घालीत आणि जमलेल्या गर्दीवर उडवीत. त्या काळचा मण आजच्यापेक्षा पुष्कळ लहान होता, तरीपण सोने ते सोने. दूरदूरच्या गावांतून लोक लोटले. बदायूनला पोहोचेतो, बरनीच्या हिशेबाने, 56 हजार स्वार व 60 हजार पायदळ त्याच्या झेंड्याखाली जमले होते. हे यंत्र तट फोडण्याचे नव्हे. त्याला खेळणेच म्हणायचे. परंतु हिंदुस्थानच्या इतिहासात एवढे काम दुसऱ्या कोणत्या खेळण्याने केले असेल, आम्हांस ठाऊक नाही. आणि त्यातून उडत होते ते सोने गोदेच्या ह्या खोऱ्यातले. ते रामदेवरायाच्या खजिन्यातले, असे इतिहास म्हणतो. त्याच्या खजिन्यात ते आले कुणाच्या खळ्यातून, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

ह्या ठिकाणी आमच्या मुलांनी विचारले, सोने गोफणीत राहील काय? चांदण्या उडताना विखुरतील, दगडासारख्या एका जागी जाणार नाहीत. आम्ही चिंचोके घालून पाहिले. ते मुठीने भिरकावल्यासारखे साऱ्या अंगणात पसरले, आणि क्षणात सारी मुले ते वेचायला धावली. एकही मूल यंत्रापाशी उभे राहिले नाही. अलाउद्दीनला नेमके हेच हवे होते.

1301 साली रणथंबोरला हेच यंत्र उलट बाजूने फिरले. सेनापती नुसरतखान वेढ्याच्या कामावर देखरेख करीत तटाजवळ गेला असता किल्ल्यातल्या मगरिबीचा दगड त्याला लागला आणि दोन-तीन दिवसांत तो मेला. मंजनीक हे केवळ आक्रमकांचे हत्यार होते ही समजूत इथे खोटी ठरते; तटाच्या आतही सुतार होते, दोर ओढणारे होते. त्या वेढ्यात पोती पुन्हा आली. सुलतानाने पिशव्या शिवून सैन्यात वाटल्या, त्यांत वाळू भरून त्या खंदकात टाकविल्या आणि त्यांची चढण रचली. बरनी हे एका वाक्यात सांगतो. वरून दगड नि आगीचा वर्षाव होत असता भरलेले पोते घेऊन खंदकाच्या काठापर्यंत जाणे हे एका वाक्याचे काम नाही.

1310 च्या आरंभी मलिक काफूरने वरंगळला वेढा घातला. अमीर खुसरोने त्याचे अलंकारिक फारसीत वर्णन केले आहे. वरंगळचा बाहेरचा तट मातीचा होता, आणि तो इतका चिवट की मगरिबीचा दगड त्यावर आदळून परत उसळे, जणू पोरांच्या खेळण्यातले एखादे कठीण फळ. हे वाचताना आम्हांस सागरगोटे आठवतात. दरबारी कवीला एवढ्या मोठ्या संहारात उपमा सापडली ती मुलींच्या खेळातली! पण त्यातली माहिती मोलाची आहे. घडीव दगडाचा तट आघाताने तडकतो. मातीचा तट आघात पोटात घेतो. आमच्या मुलांनीही पाहिले: विटांचा रचलेला बुरूज तिसऱ्या लिंबाला ढासळला, मातीच्या ढिगाऱ्यात लिंबे नुसती रुतून बसली. वरंगळच्या मातीच्या भिंती थापणारे वडार-मजूर दरबारात बसलेले नव्हते, म्हणून खुसरोने त्यांची स्तुती तटाच्या नावावर जमा केली.

आता दुसरे उत्तर. माणसांनी ओढण्याऐवजी आखूड टोकाला दगडांनी भरलेली जड पेटी टांगायची. लांब टोक खाली ओढून कडीने अडकवायचे; कडी काढली की पेटी आपल्या वजनाने खाली येते आणि दगड सुटतो. ही युक्ती बाराव्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडे रूढ झाली. ओढणाऱ्यांच्या यंत्रापेक्षा हे पुष्कळ जड दगड फेकते आणि, त्याहून महत्त्वाचे, दर वेळी तोच दगड त्याच जागी टाकते. 1273 साली कुबलाईखानाने चीनमधले श्यांगयांग शहर घेतले ते अशाच यंत्रांनी, आणि ती बांधायला त्याने पश्चिम आशियातून इस्माईल व अलाउद्दीन नावाचे दोन कारागीर आणविले होते. ज्या देशाने दोरांचे मंजनीक जगाला दिले त्या देशाचे तट पेटीच्या मंजनिकाने पाडले.

मोंढ्यात आम्ही पेटीच्या जागी दोन किलोचे लोखंडी वजन टांगले. मोंढ्यात आता विजेचे काटे आले आहेत. जुन्या तराजूंची वजने कोपऱ्यात पडून असतात, त्यांतले एक एका दुकानदाराकडून मागून आणले. अशा यंत्रात फेकायच्या वस्तूच्या शंभरपट वजन पुरते, असा अनुभवी लोकांचा अंदाज आहे. वाळलेले लिंबू वीस ग्रॅमच्या आसपास भरले. पहिल्याच फेकीत ते पंचवीस पावले गेले. पुढची दहा लिंबे त्याच्या हातभर अलीकडे-पलीकडे पडली. मुलांनी टाळ्या पिटल्या. सुतळ्या सोडून फेकून देण्यात आल्या. हाळी देणारा म्हातारा हमाल मागे उभा होता, तो म्हणाला, "आता आमचं काय काम!" आणि पोते घ्यायला निघून गेला.

श्रोतेहो, हे वाक्य आम्ही आयुष्यात पुष्कळदा ऐकले आहे. आमचे वडील नांदेडच्या एका गिरणीत साचेवाले होते, त्यांच्या तोंडून प्रथम ऐकले. मालकाच्या दृष्टीने पाहा: दगडाची पेटी हाळीची वाट पाहात नाही, पगार मागत नाही, संप करीत नाही. सरदारालाही हे पटलेच असणार. पाचशे माणसांना शिकवून एका तालात आणावे लागते, त्यांना पोसावे लागते, आणि ती पळून गेली तर यंत्र म्हणजे नुसते लाकूड. ज्या दिवशी पेटी आली त्या दिवशी त्या पाचशेंच्या एकजुटीची किंमत उतरली. यंत्राला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन मणके झिजविलेली माणसे आम्ही रोज पाहतो. ओझे कमी करणारे यंत्र आम्हांस हवेच आहे.

मात्र त्या संध्याकाळी मुलांबरोबर बसून आम्ही एक हिशेब केला. वजन खाली आले, लिंबू गेले. मग वजन परत वर कोणी चढविले? आम्हीच, दर वेळी, लांब टोक हाताने खाली दाबून. पेटी आपल्या बळाने पडते, आपल्या बळाने चढत नाही. खऱ्या यंत्रात ते काम रहाटाला जुंपलेली माणसे करीत. शिवाय पेटीत दगड भरणारे, फेकायचे दगड गोल घडविणारे पाथरवट, जंगलातून तुळई ओढून आणणारे, सुतार, लोहार. आणि दोर वळणारे, ज्यांचा धंदा आपल्या गावगाड्यात मातंग समाजाकडे होता. श्रम नाहीसे झाले नाहीत. पूर्वी जे एका क्षणात, सर्वांच्या डोळ्यांदेखत, हाळीच्या तालावर होत होते, ते आता दिवसभर, यंत्राच्या मागच्या अंगाला, निमूटपणे होऊ लागले. कडी काढणारा एकटा मात्र पुढे दिसतो. आम्हांस वाटते, पेटीने सर्वांत मोठा फरक केला तो हा. दोर ओढणाऱ्यांच्या हाती यंत्र थांबविण्याची शक्ती होती. रहाट फिरविणाऱ्यांच्याही हाती ती होतीच, परंतु ती आहे असे त्यांना दिसेनासे झाले. महाराष्ट्रात माथाडी कायदा 1969 साली झाला. त्यासाठी झगडलेल्या माणसांनी प्रथम काय केले असेल तर विखुरलेल्या, निरनिराळ्या मालकांकडे राबणाऱ्या हमालांना एका नोंदवहीत आणले.

तोफा आल्यावर मंजनीक मागे पडले, त्याबद्दल थोडक्यात सांगतो. कंधारचा किल्ला आपल्या जिल्ह्यातला, राष्ट्रकूटांशी नाते सांगणारा, भोवती खंदक असलेला. 1631 साली शहाजहानच्या नसीरीखानाने तो घेतला तेव्हा सुरुंग आणि तोफा ह्यांचे राज्य सुरू झालेले होते. पुढे त्याला खानदौरान हा किताब मिळाला. त्यानेच 1636 साली उदगीर आणि औसा घेतले. औशाला वा उदगीरला सहल नेणाऱ्या शिक्षकांना आमची विनंती आहे की मुलांना तोफा दाखवा, पण बुरुजावरून खाली खंदकाकडेही पाहायला सांगा, आणि तो किती पाट्या मातीचा आहे ह्याचा अंदाज करायला लावा. तोफेने तरी दोर कुठे सुटले? 1549 साली अहमदनगरला ओतलेली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ परंड्याच्या किल्ल्यावर होती, आणि 1632 साली ती विजापूरला नेली. ओढायला दहा हत्ती आणि चारशे बैल लावले होते असे सांगतात. हत्ती मोजले, बैल मोजले. बैलांचे कासरे धरणारे, चाकांखाली दगड सारणारे, चिखलात खांदा लावणारे ह्यांची मोजदाद त्या गोष्टीत येत नाही. विजापूरला शेरझा बुरुजावर ती तोफ आजही आहे. पंचावन्न टनांची म्हणतात. जाऊन पाहावी, आणि परंड्याहून ती आणायची मजुरी काय ठरवावी ह्याचा विचार करावा. आम्ही केला. आमच्या दरपत्रकात ती बसत नाही.

लहान यंत्राची हकीकत सांगून संपवितो. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या आठवड्यात तो दुकानदार आला आणि आपले दोन किलोचे वजन मागू लागला. सगळी जुनी वजने एकदम भंगारात देण्याचे त्याने ठरविले होते. वजन त्याचेच होते, त्याला नाही म्हणणे शक्य नव्हते. यंत्राची दांडी रिकामी लोंबू लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खोलीवर आलो तो मुलांनी कुठून तरी सुतळीचा नवा गुंडा पैदा केला होता. दांडीच्या आखूड टोकाला ह्या वेळी चार नव्हे, सहा दोर बांधलेले होते. खिळ्याचा शोध लावणारी ती मुलगी ताडपत्रीत लिंबू घट्ट धरून उभी होती, आणि बाकीची सहा मुले दाराकडे पाहात त्या म्हाताऱ्या हमालाची वाट पाहात होती.